तुझा हात घेऊन जा

४ जून

चि. टिल्ल्यास,
अ. आ. वि. वि.

पाच वर्षांत बहिणीची आठवण झाली नाही, ते एक वेळ सोडून दिलं. पण जाताना माणूस आपलं सामान तरी घेऊन जातो! तुझा डावा हात इथेच राहिलाय. दवाखान्यातून घरी आल्यापासून तो माझ्या अंथरुणात पडून आहे. जड, गार, मेला ओंडका. कुशीवर वळले की अंगाखाली येतो. काल वैतागून त्याला खाटेवरून ढकललं, तर त्याच्यामागून मीच धाडकन खाली! तुझी भाची धावत आली, मला उचललं आणि वर मलाच रागावली.

मला अर्धांगवायूचा झटका आल्याचं पोरीने तुला कळवलंच असेल. पण माझं डोकं शाबूत आहे. ती म्हणते, आई, हा तुझाच हात. डॉक्टर म्हणतो, तुमचाच. व्यायाम करून घ्यायला येते ती बाई तर त्याला लाडाने ‘आपला हात’ म्हणते, जसा काही आम्हा तिघींत मिळून एकच आहे. अरे, चाळीस वर्षं बाइंडिंग केलंय मी. माझा हात मला कळत नाही होय? आणि तुझाही कळतो. छापलेल्या पानांचे दुमडलेले फर्मे जुळवून गठ्ठा लावला की मी दाभण चालवायची आणि तू डाव्या पंजाने गठ्ठा दाबून धरायचास. वीस वर्षं तो पंजा माझ्या नाकासमोर होता. चपटी बोटं, सरसाने पिवळं झालेलं अंगठ्याचं नख. तोच आहे हा.

ये आणि घेऊन जा. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनात तसलं काही नाही.

तुझी अक्का

---

११ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. कागदाचा डावा अर्धा भाग कोरा सोडलायस, दिसलं तरी का तुला? सगळ्या ओळी उजव्या कडेला दाटीवाटीने उभ्या. समास सूतभर सरकला तर अख्खी वही पुन्हा बांधायला लावणारी तू! आणि ऐक, माझा डावा हात माझ्याच खांद्याला आहे. आत्ता त्याने हा कागद धरलाय. पिवळं नख तुझंही आहे, सरस आपण एकाच डब्यातला वापरला.

तुझ्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, आपला हात आपला वाटतो तो फुकटात वाटत नाही. डोळ्यांना काय दिसलं, कातडीला काय लागलं, सांधा कुठे वळला, या सगळ्या बातम्या मेंदू क्षणोक्षणी फर्म्यांसारख्या जुळवतो आणि वर ‘माझं’ म्हणून नाव घालतो. तुझ्या डोक्यात नेमकी ही जुळवणी बिघडलीय. मग मेंदू जागा कोरी ठेवत नाही, सुचेल ते नाव घालून मोकळा होतो. सहा आठवड्यांत हाताची हालचाल सुरू झाली तर ठीक, नाहीतर तो असाच आखडून राहील, असंही म्हणाले. आणि तू त्या बाईला हाताला शिवू देत नाहीस म्हणे!

नाव माझंच का सुचलं, ते मला विचार. दुकानात कोणी आलं की तू ओरडायचीस, माझा डावा हात कुठे उलथला? तो मी! धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं. एकदा, एकदाच मी एकट्याने एक वही बांधली, तर गिऱ्हाइकासमोर टराटरा उसवलीस. त्या दिवशी निघालो तो माझा हात माझा राहावा म्हणून. आता तोही परत मागवतेस की परत पाठवतेस, तुझं तुलाच ठाऊक.

व्यायाम कर. रागावलोय तरी नमस्कार करतो.

टिल्ल्या

---

१९ जून

चि. टिल्ल्यास,
अ. आ. वि. वि.

मला शिकवू नकोस. त्या व्यायामवाल्या बाईने काल काय तमाशा केला ते वाच. रबरी हातमोज्यात कापूस भरला आणि पोरीसमोर टेबलावर ठेवला. पोरीचा खरा हात पुठ्ठ्याच्या आडोशाला. मग दोन कुंचले घेऊन दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत फिरवत बसली. पाचेक मिनिटांत पोरगी म्हणायला लागली, अगं, हा मोजाच माझा हात वाटतोय! बाईने मोज्यावर हातोडी उगारली तशी किंचाळून उठली. शिकलीसवरलेली मुलगी!

म्हणजे धडधाकट माणसाने कापसाचा मोजा आपला म्हटला की तो प्रयोग, आणि मी परक्याचा हात परक्याचा म्हटला की मी भ्रमिष्ट? वा रे न्याय! बाईला तसं तोंडावर विचारलं, तर ती हसली. म्हणाली, हेच तुम्हाला दाखवायचं होतं, मेंदू कुणालाही फसवतो. मी तिला दार दाखवलं.

आणि ती वही. तेव्हाही तोंड वर करून बोलला नाहीस, आता टपाल खात्याच्या आडून बोलतोस. शिलाई ढिली होती म्हणून उसवली. विषय संपला.

हात न्यायला कधी येतोस तेवढं कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

अक्का

---

२७ जून

ती. अक्कास,
सा. न.

भाचीचा फोन आला. सरसाचा डबा शेगडीवर असताना तू डावा हात तिथेच टेकवून बसलीस. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा तिने ओढला. ती ओरडली तर म्हणालीस, भाजू दे, मामाचा आहे तुझ्या.

अक्का, लाज वाटली नाही? बरं, आता वाद बंद. तू जिंकलीस, हात माझा. माझा आहे ना? मग माझ्या वस्तूची अशी नासाडी करायचा तुला काय अधिकार? माझी पाटी फुटली तर फोडणाऱ्या पोरांच्या घरी भांडायला जायचीस. गुडघा फुटला तर आधी धपाटा घालायचीस आणि मग हळद भरायचीस. तुझ्याकडे ठेवलाय तर नीट सांभाळ. रोज मलम लाव. बाई म्हणेल तशी एकेक बोट वळव, आणि वळवताना त्याच्याकडे बघ. नजर आणि स्पर्श एकत्र पोचले पाहिजेत, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याने न्यायला येईन. आखडलेला मिळाला तर याद राख!

तुझा नाही, पण त्या हाताचा मालक,
टिल्ल्या

---

२४ जुलै

चि. टिल्ल्यास,
अ. आ. वि. वि.

तुझी अमानत म्हणून महिनाभर त्या हाताची चाकरी केली. बाईची माफी मागून तिला परत बोलावलं. रोज सकाळी एकेक बोट वळवायचं आणि त्याला शिव्या घालायच्या. धर म्हटलं तर धरेना. तुझाच म्हटल्यावर ऐकणार कसा! भाजल्याचा डाग मात्र वाळलाय.

परवा एक छोटी वही शिवायला घेतली. गठ्ठा हलू नये म्हणून तुझा हात उचलून वर वजनासारखा ठेवला. तशी चार टाके नीट पडले. पाचव्याला दाभण घसरलं आणि त्याच्या बोटात घुसलं. आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. टिल्ल्याच्या बोटाला टोचलं तर मी का ओरडले? बघत बसले. रक्ताचा थेंब आला, बोट आपोआप मिटलं, आणि ते मिटलेलं मला आतून कळलं. माझं बोट. माझा हात. आईने लहानपणी दिलेल्या चटक्याचा डाग मनगटावर आहे, तो इतके दिवस दिसलाच नव्हता.

पोरगी आनंदाने रडली. बाई टाळ्या वाजवायला लागली. मला मात्र असा संताप आला की वही भिंतीवर भिरकावली. कारण इतके दिवस तू इथे होतास रे! अंथरुणात, टेबलावर, शिव्या खायला. हात माझा निघाला आणि तू पाच वर्षांपूर्वीच मला सोडून गेलेला निघालास. हे मला पुन्हा एकदा सोसावं लागलं, आणि त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

तुझी वही कपाटात आहे. तिची शिलाई ढिली नव्हती. माझ्यापेक्षा सरळ होती, म्हणून उसवली. फर्मे सगळे जपून ठेवलेत. माझा डावा हात अजून दुबळा आहे, पण गठ्ठ्यावर दाबून धरण्यापुरता पुरेल.

तू ये. या वेळी धरायचं काम माझं, दाभण तुझं.

तुझी अक्का

ता. क. कागद डाव्या कडेपासून भरलाय. समास मोजून बघ आणि मग बोल.