पाटीवरचे गाढवाचे कान

मास्तर, तुम्हाला दिसत नव्हतं. परवा कळलं मला. दिंद्रुडच्या बाजारात तुमची लेक भेटली. मी इथल्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो हे ऐकून ती म्हणाली, "आमच्या बाबावानीच की. पर तुमचे डोळे तरी धड हायेत." मी म्हटलं, म्हणजे? तर ती माझ्याकडंच नवलानं बघायला लागली. "तुमाला ठावं न्हाई? बीडला असतानाच, तुमच्या साळंत यायच्या आदीच, त्यांचे डोळे गेलते. उजेड आन सावली, तेवढंच कळायचं. आई रोज सकाळी रंगाच्या वाट्या लावून द्यायची, गेरू डावीकडं, नीळ उजवीकडं. कुनाला बोलले न्हाईत. बोलले असते तर नोकरी ऱ्हायली असती का?" अहो, चित्रकलेचा मास्तर आणि डोळे नाहीत! आणि वर्गात आम्ही साठ पोरं, एकालाही ते दिसू नये?

आता एकेक आठवतंय. तुम्ही पिशवीत वांगं नाहीतर अडकित्ता घालायचात आणि आम्हाला आत हात घालून चाचपायला लावायचात. "आधी हातानं बघा, मग काढा." आम्हाला तो खेळ वाटायचा. कुणाच्या पाटीवरची रेघ तुम्ही कधी स्वतः दुरुस्त केली नाही. ठरलेल्या जागी बसायचं, ठरलेल्या क्रमानं उठायचं, आणि पाटी हातात देताना तोंडानं सांगायचं, काय काढलं, कुठून सुरुवात केली, कुठं अडलं. सांगता सांगता पोराला स्वतःचीच चूक सापडायची. सगळ्यात दांडगट पोराकडं पाण्याची कामं द्यायचात, म्हणजे तो जागेवरून हलला की बादलीच्या आवाजावरून कळायचं. हे सगळं मी वीस वर्षं जसंच्या तसं करतोय, मास्तर. उत्तम शिकवणं म्हणून करतोय. ती तुमची अडचण होती हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि शाळाखात्याच्या मोहतमीम साहेबांच्या तपासणीचा तो दिवस. तुमच्यापासून मला लपवता येत नाही. आदल्या दिवशी मी तांब्या काढून आणला होता, कापडाच्या गठ्ठ्यावरच्या छापील चित्रावरून उतरवलेला, अगदी देखणा. तुम्ही विचारलंत, "तोंडातून हात आत जातो का रे?" मला सांगता येईना. "म्हंजे तू तांब्या बघितलाच न्हाईस. पूस." भर वर्गात पुसायला लावलंत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी साहेब आले, खुर्चीत बसले, आणि हुकूम सोडला, पोरांनी तोंड उघडायचं नाही, मास्तरांनी एकेक पाटी दाखवून गुणदोष सांगायचे. काढायचा होता तांब्याच. मी काढलं तुमचं तोंड, वर गाढवाचे दोन लांब कान. वाटलं, पाटी बघून तुम्ही साहेबांसमोर गडबडाल, लपवाल, चांगली फजिती होईल. तुम्ही पाटी घेतलीत, साहेबांसमोर धरलीत आणि म्हणालात, "देखिए हुजूर, लोटे की गर्दन कितनी सफाई से उतारी है."

अरे देवा! एक पोरगं फिस्सकन हसलं. साहेब उठून उभे राहिले. "मास्टर, ये लोटा है? पीके आया है क्या?" तुम्ही पाटीवरून बोटं फिरवायला लागलात, खडू फिसकटला, आणि आम्हाला वाटलं, मास्तर पुरावा पुसतायत. आज कळतंय, तुम्ही शोधत होतात हो, काय काढलंय ते चाचपून शोधत होतात. साहेबांना तुम्ही डोळ्यांचं सांगितलं नाहीत, नशेचा आळ अंगावर घेतलात. गावभर झालं, ड्रॉइंगचा मास्तर शिंदी पिऊन वर्गात येतो. महिन्याच्या आत तुमची नोकरी गेली. तुमची लेक सांगत होती, सिरसाळ्याला जाऊन तुम्ही मरेपर्यंत अंबाडीचे दोर वळलेत.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला फाटकाशी थांबवलंत. पाट्यांचा क्रम तुम्हाला पाठ, कुणाची पाटी ते तुम्हाला ठाऊकच होतं. "कावून केलंस रे?" एवढंच विचारलंत. आवाजात रागाचा लवलेश नव्हता, तेच मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "माझी पाटी नव्हती ती, मास्तर." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीच्या कडेकडेनं गेलात. इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली की माणूस नशेत होता, त्याचं त्यालाच भोवलं. लाज नाही वाटली मला!

हे कागद मी कुठं टाकणार? पत्ता असता तरी टाकले नसते, कारण पुढचं तुमच्या लेकीनं वाचायला नको. काल आमच्या शाळेची तपासणी झाली. नवे साहेब आले होते, त्याच कचेरीतले. पोरं डोळे मिटून पिशवीत हात घालतायत, मग काढतायत, हे बघून फार खूश झाले. म्हणाले, हा तरीका कुणाकडून शिकलात? बाजारातलं बोलणं होऊन एक दिवस झाला होता, मास्तर. तुमचं नाव ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "खुद ही सूझा, हुजूर." त्यांनी बुकात माझ्या नावापुढं शाबासकीचा शेरा लिहिला. ते गेल्यावर मी तो दोनदा वाचला.