घोगऱ्याची पहिली गिटार

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात ‘बरा’ एवढंच लिहिलं होतंस. तुझ्या मानाने ते पाल्हाळच म्हणायचं, पण गुडघा डावा की उजवा हे काही कळलं नाही. इकडे सगळे सुखरूप. चष्म्याचं दुकान चाललं आहे (लोकांची नजर दिवसेंदिवस कमी होते आहे, देवाची कृपा). आईची तब्येत उत्तम. त्या गिटारीपायी तू घर सोडलंस, गिटार इथेच राहिली, आणि तुम्ही मायलेक आजतागायत एकमेकांशी बोलत नाही, यात मी पडणार नाही असं मी तुझ्या वहिनीला, म्हणजे हिला, वचन दिलं आहे. हिला तू वहिनी म्हणत नाहीस हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, पण खाडाखोड नको. हे पत्र निव्वळ तांत्रिक स्वरूपाचं आहे. विषय तीच गिटार आहे, तो योगायोग समजावा.

तुला ठाऊक नसेल, पण हल्ली मी रॉक संगीताच्या क्षेत्रात आहे. गात नाही, वाजवतही नाही. नामांकित रॉकवाल्यांच्या हातात कुठली जुनी गिटार आहे, हे फोटोवरून ओळखणारं आमचं तिघांचं मंडळ आहे: मी, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि मोजणीसाहेब (सरकारी जमीनमोजणीतून निवृत्त झाले, टेप मात्र परत केली नाही). विजेवरच्या गिटारींना आम्ही विचारत नाही. पोकळ पोटाच्या, लाकडी, जुन्या, एवढ्याच. लोकांना त्या सगळ्या सारख्या दिसतात. तशा त्या नसतात. खुंट्यांचं डोकं कसं कापलं आहे, मधल्या भोकाभोवतीची नक्षी किती पदरी आहे, तारा जिथे अडकवतात ती घोडी सरळ आहे की मिशीसारखी वळलेली, नखांनी लाकूड खरवडू नये म्हणून चिकटवलेला काळा तुकडा केवढा आहे, यावरून कारखाना कळतो, साल कळतं. आणि लाकडाच्या रेषा व ओरखडे दोन गिटारींचे कधी एक नसतात, त्यामुळे नशिबात असलं तर नेमकी तीच गिटार ओळखता येते. गाणी आम्ही ऐकत नाही. एकदा बेकरीवाल्याने रेकॉर्ड लावली होती, पण त्या आवाजात घोडीकडे लक्ष लागेना, म्हणून बंद केली. चेहऱ्यांकडेही आम्ही पाहत नाही. चेहरे सगळ्यांचे सारखेच असतात, केस तेवढे वाढलेले.

या अभ्यासात अपमान गिळावे लागतात. मागे एका हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर एक जण वाजवत होता. त्याची गिटार लांबून फार जुनी वाटली. मोजणीसाहेब सूप अर्धवट टाकून उठले, त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि चालू गाण्यात घोडीला टेप लावली. वादक थांबला नाही (व्यवसायात मुरलेला माणूस), पण मॅनेजर आला. उरलेलं सूप आम्ही फुटपाथवर उभ्याने प्यालो. माप मात्र मिळालं होतं. गिटार नवीनच निघाली.

आता मुद्द्यावर येतो. घोगऱ्या तुला माहीत आहे. (खरं नाव साऱ्या जगाला माहीत आहे. मंडळात आम्ही त्याला घोगऱ्या म्हणतो. आवाज ऐकलेला नाही, पण तसं छापून येतं.) त्याच्या पुढच्या काळातल्या गिटारी आम्ही ओळखून संपवल्या आहेत. पहिली मात्र कुणालाच सापडलेली नाही. लहान अंगाची होती, कडेला काळपट आणि मध्ये मधासारखी, एवढीच वदंता. तर बेकरीवाला पाव गुंडाळायला जुनी मासिकं किलोवर घेतो, त्यातल्या एका मासिकातून पोस्टकार्डाएवढा एक फोटो खाली पडला. लहान अंगाची गिटार, कडेला काळपट, मध्ये मधासारखी. वाजवणाऱ्याचं डोकं फोटोत नव्हतं. हनुवटीच्या खालून कागद सरळ कापलेला होता, आणि हे छापखान्यातच कापलेलं आहे, असं मोजणीसाहेबांनी भिंगातून पाहून जाहीर केलं. खांद्यावर केस होते. घोगऱ्यालाही केस होते. माणूस कोण हे तिथेच ठरलं, प्रश्न गिटारीचाच उरला.

महिनाभर आम्ही त्या फोटोवर काम केलं. भोकाखाली नखाएवढा जळका डाग होता, एक खुंटी बाकीच्यांपेक्षा पांढरी होती आणि काळ्या तुकड्याला तडा होता. ते सगळं कागदावर उतरवताना हे आपण आधी कुठेतरी पाहिलं आहे असं मला वाटायला लागलं. आई शेजारी गेल्याचं पाहून मी स्टूल घेतलं आणि तिच्या खोलीतल्या कपाटावरून तुझी गिटार खाली काढली. चादरीत गुंडाळलेली होती. डाग होता, खुंटी पांढरी होती, तडा होता. मी तसाच, चादरीसकट, बेकरीत पळालो. आम्ही तिघांनी शांत डोक्याने विचार केला. फोटोतली गिटार घोगऱ्याची आहे. फोटोतली गिटार आमच्या कपाटावर आहे. अर्थात आमच्या कपाटावरची गिटार घोगऱ्याची आहे. बेकरीवाल्याला गहिवरून आलं. त्याने दुकानातल्या सगळ्यांना फुकट बिस्किटं वाटली.

रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत निष्कर्ष जाहीर करायचं ठरलं. वर्तमानपत्रातला एक जण आला (बेकरीवाला केक आणणार हे त्याला आधीच कळलं होतं). गिटार टेबलावर, शेजारी फोटो. मोजणीसाहेब उभे राहून निबंध वाचत होते. डावी बाही पार बोटांवर आलेली आहे, ही घोगऱ्याच्या उमेदीच्या काळातली बेफिकीर वृत्ती, या वाक्यापर्यंत ते पोचले होते. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिने चष्मा लावलेला नव्हता, तिला कुणी काही विचारलेलंही नव्हतं. फोटोवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “हा स्वेटर मी विणलाय. डावी बाही लांब झाली होती.”

बेकरीवाल्याने फार अदबीने सांगितलं की आजी, असे स्वेटर जगात पुष्कळ असतात. तिने ट्रे त्याच्या मांडीवर ठेवला, आत गेली आणि तिचं जुनं चष्म्याचं घर घेऊन आली. ते घर माझ्याच दुकानातलं आहे. आत चष्मा नसतो हे मला कधी कळलं नव्हतं. त्यातून तिने एक कागदाचा तुकडा काढला आणि फोटोच्या वरच्या कडेला लावला. छापखान्याने कापलेली कड बरोबर जुळली. दादा, तू हसत होतास. गिटार हातात असताना तू असा हसायचास हे मी साफ विसरलो होतो. मला रडू आलं. ती म्हणाली, “मला गिटार नको होती, म्हणून कापला. खालचं फेकवेना, मासिकात घातलं.” (ते मासिक हिने रद्दीत घातलं, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आमचं बोलून झालं आहे.) वर्तमानपत्रवाल्याने पेन काढून विचारलं, मग गिटार नक्की कोणाची? आई म्हणाली, “माझ्या मोठ्या मुलाची.” त्याने ते लिहून घेतलं, केक संपवला आणि गेला. कुठे छापून आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्याने सख्खा भाऊ ओळखला नाही, तेव्हा दुकान बंद करावं, असं हिचं मत आहे.

असो. गुडघ्याला जप. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण वर राहूनच गेलं. मोजणीसाहेब अजून मागे हटलेले नाहीत. फोटो तुझा असला तरी गिटार तुझ्याआधी घोगऱ्याकडेच होती, असं त्यांचं आता म्हणणं आहे. तेव्हा ही गिटार तू कुणा उंच, केसाळ, परक्या माणसाकडून घेतलीस, असं दोन ओळींत सही करून पाठव. खोटं लिहू नकोस. तो माणूस बुटका होता असं ठामपणे आठवत नसेल, तर उंच लिहायला हरकत नसावी.

दुसरा ता. क. : वरच्या सहीची घाई नाही. आईने लोकर आणवली आहे. कुणासाठी, ते ती सांगत नाही, पण परवा विणलेला भाग माझ्या पाठीला लावून पाहिला आणि म्हणाली, तू नाहीस, तो रुंद आहे. मी म्हटलं, हाताचं माप पत्राने मागवून घेतो. नको म्हणाली. मागच्या वेळी माप द्यायला धड उभा राहिला नाही, म्हणून बाही लांब झाली. आता अंदाजाने विणायची नाही. पाठ आणि पुढचा भाग झाला आहे. बाह्यांसाठी थांबली आहे.