एका अक्षराला एक बटण

सोमवार, ६. सकाळी ९.४०
डोक्यात तिडीक गेली आहे. दवाखान्यांचं नोंदणी-सॉफ्टवेअर मी एकट्याने उभं केलं, आणि आता परदेशातल्या आठ शाखांची तक्रार : पेशंटच्या नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. माझ्या स्क्रीनवर माझं नाव व्यवस्थित दिसतं. म्हणजे दोष त्यांच्या डोळ्यांत.

सतरा तारखेला टीम लीड ठरणार. चौदा वर्षं वाट पाहिलीय. मॅनेजरबाई म्हणाल्या, आधी हे निस्तरा.

संकल्प : एनकोडिंगवरचं साठ पानी डॉक्युमेंट आजच संपवायचं.

मंगळवार, ७
दोन पानं वाचली. प्रत्येक अक्षराला एक नंबर, आणि तो नंबर फाइलमध्ये कसा ठेवायचा ते एनकोडिंग. एवढंच! उरलेली अठ्ठावन्न पानं लिहिणाऱ्याला कामधंदा नसावा.

बुधवार, ८
टेस्टर (वय सव्वीस, आव साठीचा) टेबलाशी आली. म्हणाली की त्या शाखांमध्ये एका अक्षरासाठी तीन-चार बटणं दाबावी लागतात, मग अक्षरांची यादी येते, आणि एंटर दाबून त्यातलं एक निवडायचं असतं. तुमचा फॉर्म मात्र एंटर दाबला की सबमिट होतो. त्यामुळे एकच बाई सतरा वेळा अर्धवट नावाने दाखल झालीय.

मी शांतपणे (आवाज थोडा चढला असेल) सांगितलं की एका अक्षराला एक बटण, याला शिस्त म्हणतात. अख्ख्या मजल्याने माना खाली घातल्या. पटलं असावं.

दुपारी सगळ्या शाखांना मेल : नाव लिहिताना कोणीही एंटर दाबू नये.

गुरुवार, ९
एका शाखेचं उत्तर. तुमच्या मेलमध्ये आम्हाला फक्त चौकोन दिसतात, काय लिहिलंय ते कळवा. वर तोंड करून टोमणे मारतात!

रविवार, १२
सासरे जेवायला. त्यांचं आयुष्य छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं. बायकोने त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलेलं. म्हणाले, जावईबापू, खिळ्यांची पेटी एका छापखान्याची आणि कुठल्या खणात कुठलं अक्षर तो तक्ता दुसऱ्याचा घेतला, तर ओळ बिघडणारच. कुठली नावं कुठल्या तक्त्याने ठेवलीत ते आधी बघा.

शिसं आणि सॉफ्टवेअर यांतला फरक यांना कोण समजावणार! बायको म्हणाली, बाबांचं ऐकून तर बघा. माझ्याच घरात मलाच शहाणपण. निषेध म्हणून दोन घास कमी खाऊन उठलो. कोणी आग्रह केला नाही.

सोमवार, १३
इलाज सापडला. सगळी नावं एका झटक्यात माझ्या तक्त्यात बसवणारी स्क्रिप्ट. वीस ओळी! टेस्टर म्हणाली, आधी कॉपीवर चालवून बघा. हल्ली घाबरटपणाला टेस्टिंग म्हणतात.

मंगळवार, १४. सकाळी ११.१५
चालवली. चार सेकंद. एकही एरर नाही. लगेच बॅकअप घेतला, जुना पुसून त्याच जागी. पसारा मला खपत नाही.

दुपारी ४.३०
चौकोन गेले. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं आलीत. अकरा हजार दोनशे नावं, आणि जे जे अक्षर माझ्या तक्त्यात नव्हतं त्याचं एकेक प्रश्नचिन्ह. बॅकअप उघडला. त्यातही तीच, ओळीने, नेटकी.

तळपायाची आग मस्तकात गेलीय. स्क्रिप्टला आधी सांगायला काय झालं होतं?

बुधवार, १५
शाखांमध्ये आता पेशंटना नावाने हाक मारता येत नाही. एक म्हातारे गृहस्थ दोन तास बाकावर बसून निघून गेले म्हणे. भयंकर राग आला. कोणाचा, ते ठरवता आलं नाही.

शुक्रवार, १७
टेस्टर टीम लीड झाली. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

शाखांनी कागदी फॉर्म स्कॅन करून पाठवलेत. त्यावरून नावं पुन्हा टाइप करायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. मॅनेजरबाईंनी ते माझ्याआधी जाहीर केलं, एवढंच. नव्या लीडने सॉफ्टवेअरमधला एंटरचा घोळ दुरुस्त केला होता. शेजारी बसून तिने त्या शाखांचा कीबोर्ड लावून दिला, कुठलं बटण कशाला ते दाखवलं. म्हणाली, सर, घाई करू नका. एक शब्द वाकडा बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

दिवसभरात नऊ नावं झाली. नववं एकदाही न चुकता उमटलं. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, म्हणून वळलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. लीड मीटिंगला गेली होती.