वर्ष स्वच्छ दिसायला हवं

ता. ४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत काळी पडलेली एक पेनी, ते जुनं इंग्रजी नाणं, सापडली, असं तू गमतीत लिहिलंस आणि खाली तिचं वर्ष. ते वाचून माझ्या हातातली तपासायची प्रुफं तशीच राहिली. त्या वर्षी टांकसाळीत पेन्या पाडल्याच नाहीत. साचा तपासायला सात-आठ काढल्या, तेवढ्याच. आमच्या छापखान्यात याद्या छापून घेणारा नाण्यांचा व्यापारी म्हणाला, खरी निघाली तर बाबांच्या घशाचं ऑपरेशन आरामात होईल. फोटो पाठव. वर्ष अगदी स्वच्छ दिसायला हवं, सगळं त्यावर आहे. बाबांनाही वाचून दाखव. म्हणावं, लपवून ठेवलेली इस्टेट अखेर उघडकीस आली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फोटो सोबत आहे. पत्र वाचताना बाबांनी मला ‘स्वच्छ’पाशी थांबवलं. आवाज गेल्यापासून पाटीवर लिहितात, तसं लिहिलं, की चाळीस वर्षं पितळेला पॉलिश करणाऱ्याला हे सांगायला लागतं का? मग दोन दिवस खिडकीशी बसून त्यांनी पेनी घासली. मला फडकंसुद्धा धरू दिलं नाही. आता अशी चकाकते की बघत राहावं. किती दिवसांनी त्यांना खुशीत पाहिलं रे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फोटो बघून व्यापारी खुर्चीत मागे टेकला. तो काळा थर हाच जुनेपणाचा पुरावा होता. घासल्यामुळे आकड्यांच्या कडाही गेल्या. आता खरी की खोटी, कुणीच सांगू शकणार नाही. कुणी घेणार नाही म्हणाला.

ताई, मला ‘स्पष्ट’ म्हणायचं होतं. दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरतो मी, आणि स्वतःच्या पत्रात हा एक शब्द मला दिसला नाही. मालकांकडे उचल मागितली, त्यांनी हात वर केले. बाबांना कळता कामा नये. चांगल्या भावाला गेली म्हणून सांग.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझ्यावर रागावले होते, चार दिवस पत्र उघडून पुन्हा पाहिलं नाही. मग तू म्हणालास तसं सांगितलं. बाबांनी विचारलं, पॉलिशमुळेच भाव आला ना? मी हो म्हटलं. शेजारच्या शिंप्यालाही त्यांनी ते लिहून दाखवलं.

डॉक्टर म्हणतात, या महिन्यात ऑपरेशन झालं नाही तर पुढे करून उपयोग नाही. मी दोन ठिकाणी शब्द टाकला होता, दोन्हीकडून नकार आला.

बाबांनी दवाखान्याची पिशवी स्वतः भरली आहे. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. सकाळी तयार होऊन दाराशी बसतात आणि तारीख कोणती ठरली म्हणून विचारतात. काल म्हटलं, डॉक्टर गावाला गेलेत. आज समोरच्या रस्त्याने डॉक्टर जाताना त्यांना दिसले.

त्यांना काय सांगू, ते लवकर कळव.

ताई