बिनचिठ्ठीची दोन खोकी

प्रिय राजा,

खोकी फोडण्याआधी हे वाच. प्रदर्शन उद्या संध्याकाळी आहे आणि फोटो टांगायला उद्याची सकाळ पुरते, तेव्हा घाई नको. उभ्याउभ्याही वाचू नकोस, पत्र लांब आहे. फोनवर मी कधी तीन वाक्यांपुढे जात नाही, कारण चौथ्या वाक्याआधी तू ‘बरं ताई, ठेवतो’ म्हणतोस. आज सगळी वाक्यं लिहून काढली आहेत.

तुझी मुलाखत वाचली. माझ्या प्रिंटच्या दुकानात फोटो छापून न्यायला येणाऱ्या एका शिक्षिका बाईंनी कौतुकाने कात्रण आणून दिलं. ‘प्रिंट माझी बहीण काढते. तिचं काम बटण दाबायचं, डोळा माझा.’ उचलली जीभ लावली टाळ्याला ही तुझी जुनीच सवय, पण तेच छापून आलं की केवढं मोठं दिसतं. लॅमिनेशन करणारा आमचा दाढीवाला तेव्हापासून मला बटणवाली म्हणतो. हसतो आणि म्हणतो. मीही हसते.

त्याआधीचा फोनही मी विसरलेले नाही. गॅलरीच्या बाई तुझ्या स्टुडिओत आल्या होत्या. मी पाठवलेले नमुन्याचे तीन प्रिंट त्यांनी तुझ्या स्क्रीनशेजारी धरले आणि म्हणाल्या, स्क्रीनवर एक आणि कागदावर दुसरंच! तू पुन्हा नीट बघितलंस का? छे. त्यांच्यासमोरच फोन लावलास आणि मला झापलंस. माझ्या रंगांना हात लावायला तुला कोणी सांगितलं, स्क्रीनवर दिसतं तस्सं काढ, केसभर फरक नको. मी सांगू पाहिलं की स्क्रीन स्वतःच्या उजेडाने चमकते आणि कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो, म्हणून प्रत्येक कागदाचं, शाईचं वेगळं प्रोफाइल करावं लागतं. प्रोफाइल म्हणजे दुभाषा, स्क्रीनचं म्हणणं कागदाला त्याच्या भाषेत समजावणारा. तू म्हणालास, ‘ताई, लेक्चर नको.’ मागे बाईंच्या हसण्याचा आवाज आला.

पण तुझी तक्रार खरी होती हो. मी हात लावत होते. गेली पंधरा वर्षं, तुझ्या प्रत्येक फोटोला.

तुझं पहिलं मोठं काम आठवतं? त्या कारखान्यातल्या कामगारांचे चेहरे. तू स्क्रीनवर रंग जुळवून पाठवलेली फाइल उघडली आणि मी दचकले. सगळे चेहरे हिरवट, जणू सगळ्यांना एकदम कावीळ होऊन वर मळमळतही होतं. मला वाटलं, तुझी स्क्रीन बिघडली. रंग मोजायचं यंत्र पिशवीत घातलं आणि तू बाहेरगावी असताना तुझ्या खोलीवर गेले. यंत्र स्क्रीनवर टेकवलं, मोजणी केली, पुन्हा केली. स्क्रीन धुतल्या तांदळासारखी निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, तर अंगण सरळ होतं. मी तुझ्या खुर्चीत बसून राहिले आणि मला तुझे खडू आठवले.

तू पहिलीत होतास, मी पाचवीत. तू झाडाला तपकिरी पानं आणि हिरवं खोड काढलंस, वर्ग हसला, तू घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलास. त्या दिवशी मी तुझ्या डबीतल्या एकेका खडूला चिठ्ठी चिकटवली. लाल. हिरवा. तपकिरी. तुला सांगितलं, हरवले तर ओळखू यावेत म्हणून. तू खरं मानलंस. चिठ्ठ्या झिजल्या की मी नव्या लावायचे. तुझे मोजे जोडी करून कोण ठेवायचं, बाजारात टोमॅटो तू अजूनही रंग न बघता दाबून का घेतोस, याचा कधी विचार केलायस? करायची वेळच आम्ही येऊ दिली नाही. लाल आणि हिरवा तुझ्या डोळ्यांत एकमेकांत मिसळतात, राजा. जन्मापासून. मामाचंही तेच होतं. त्याला त्यापायी गाडी चालवायची नोकरी नाकारली आणि पुढे तो चारचौघांत मान वर करून बसला नाही.

तुझी स्क्रीन मोजली त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, ‘मला ठाऊक आहे. तू नीट करून दे आणि त्याला कळू देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मी शब्द दिला. घरात कॅमेरा आला होता तो मी वर्षभर मागे लागले होते म्हणून, आणि गेला तुझ्या हातात, कारण तू रडलास. तेव्हाही आई अशीच हातातलं काम न थांबवता, वर न बघता बोलली होती. मग मी तुझी प्रत्येक फाइल आधी माझ्या स्क्रीनवर घ्यायचे, चेहऱ्यांतला हिरवा काढायचे, रक्त भरायचे आणि मग छापायचे. तू प्रिंट हातात घेऊन म्हणायचास, ‘वा, अगदी स्क्रीनसारखं.’ तुझ्या डोळ्यांना ते खरंच सारखं दिसायचं. तुझ्या फोटोंतल्या त्वचेच्या रंगांवर लोक लेख लिहायचे. मी ते वाचायचे आणि मला आनंद व्हायचा, हे खोटं नाही. मी तुझ्यावर फार माया केली.

आई वर्षभर अंथरुणाला होती, त्या वर्षात तू अकरा वेळा आलास. दर वेळी कॅमेरा घेऊन. मी तिची कूस बदलत होते आणि तू म्हणालास, ‘ताई, जरा बाजूला हो, तुझी सावली पडतेय.’ मी झाले बाजूला. आता मोठ्या भिंतीवर तिचाच फोटो लागणार. फाइल आली तेव्हा पाहिलं, चादरीवर तिच्या हाताशेजारी माझा हात होता, तो तू कापला आहेस. छान कापलाय, कुठे शंकासुद्धा येत नाही. त्याबद्दल मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले. अजून रागावलेली आहे. आईला दिलेला शब्द आईबरोबर गेला.

आता खोक्यांचं. दोन बघून तुला वाटलं असेल की फोटो अर्धे अर्धे भरले आहेत. तसं नाही. दोन्हींत तेच तीस फोटो आहेत, कागद तोच, माप तेच. एका खोक्यात तू बजावलंस तस्से, केसभर फरक न करता, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक काम. त्यात आईचा चेहरा शेवाळलेल्या भिंतीसारखा आहे. दुसऱ्यात मी पंधरा वर्षं काढत आले तसे, आणि त्यात शेवटच्या आठवड्यातही तिच्या गालावर जो थोडा गुलाबी उरला होता तो आहे. दोन्ही उघड, शेजारी शेजारी मांड, स्क्रीनशी ताडून बघ, दिव्याखाली ने. डोळा तुझा आहे. नाहीच जमलं तर विचार कोणालातरी. गॅलरीच्या बाईंना विचार, खिळे ठोकायला येणाऱ्या सुताराला विचार, वाटेवरचं शेंबडं पोरही बोट दाखवून सांगेल. फक्त कोणाला विचारलंस तर का विचारतोयस ते त्यांना सांगावं लागेल. मला फोन करू नकोस, माझं बटण दाबून झालं. या वेळी मी चिठ्ठी लावलेली नाही.

तुझीच,
ताई