कोटांमागची बैठक

बर्टन्स फोर्क, कॅन्सस
शुक्रवार

आदरणीय साडूबुवा लेलँड यांसी,

ऑर्व्हिलचा सप्रेम नमस्कार. इकडे मी आणि व्हर्ना दोघंही ठीक आहोत, निदान व्हर्ना तसं म्हणते. तुमचा नवा गुडघा कसा आहे? आर्डिथ सांगत होती की तुम्ही आता जिना सहज चढता. ऐकून आनंद झाला. (गुडघा बदललेले माझ्या माहितीतले सगळेच लोक बायकोसमोर ‘सहज’ म्हणतात. खरं काय ते मला कळवा, मी आर्डिथला सांगणार नाही.) तिने पाठवलेला रूबार्बचा मुरंबा पोचला. दोन बरण्यांपैकी एकीचं झाकण सैल होतं. टपालात झालं असेल, मी काही म्हणत नाही.

ईमेल सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आपण दोघंही आपापल्या गावचे नगरसेवक, तेव्हा कामाबद्दल लिहिलेली आपली ईमेल कुणीही मागून वाचू शकतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या प्लम हॉलोतले लोक सभ्य असतील, मागत नसतील. आमच्याकडे साप्ताहिक चालवणारी फे डिलिंगहॅम दर सोमवारी नियमाने मागते. मागे मी नॅडीनच्या टोपीबद्दल (नॅडीन प्रुइट, आमची नगराध्यक्षा, पियानो शिकवते) एक साधं वाक्य लिहिलं होतं, ते पहिल्या पानावर आलं. तेव्हापासून मी शाई वापरतो. (आमचा वकील म्हणतो, पत्रालाही तोच नियम लागतो. लागू दे. मागायला आधी पत्र आहे हे तरी कळलं पाहिजे.)

तर मुख्य विषय मॅनेजरचा. आमचा जुना मॅनेजर गेल्या ऑक्टोबरात कोलोराडोला गेला. डोंगर आवडतात म्हणून जातो, असं त्याने सांगितलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाला एकाएकी डोंगर आवडायला लागतात का? पण गेला. आता निवडून आम्ही आलेलो, शिव्या आम्ही खातो, आणि गाव प्रत्यक्ष चालवणारा पगारी माणूसच नाही, अशी आमची अवस्था. म्हणून जलतरण तलाव सांभाळणाऱ्या मर्लला हंगामी मॅनेजर केलंय. बिचारा सह्या करतो तेव्हा कागदावर क्लोरीनचा वास येतो. तो भेटेल त्याला ‘मला सोडवा’ म्हणतो. पाण्याची मुख्य वाहिनी मेन स्ट्रीटखाली कुठे ना कुठे फुटतेच आहे, आणि प्रत्येक वेळी मर्ल तिच्याकडे बघून म्हणतो, “ही तर तलावाला जोडलेली नाही.”

नवा माणूस शोधायला आम्ही कॅन्सस सिटीची एक कंपनी नेमली. त्यांनी आमच्या गावाची माहितीपत्रिका छापली. तिच्या पहिल्या पानावर नदी आहे. साडूबुवा, त्या नदीत पाणी आहे! आमच्या या फोर्क नदीत जुलैत गाय उभी राहिली तर तिचे खूर कोरडे राहतात. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जी कंपनी आम्हाला उमेदवारांपुढे अशी सजवून दाखवते, ती उमेदवारांना आमच्यापुढे किती सजवत असेल?

आणि झालंही तसंच. पहिला पसंत केलेला गृहस्थ आमचं नेमणूकपत्र घेऊन आपल्या जुन्या गावाकडे गेला, ते दाखवून पगार वाढवून घेतला आणि आम्हाला आभाराचं कार्ड पाठवलं. (कार्डावर मांजर होतं.) दुसरा आला तो ‘मला हे गाव फार आवडलं’ असं सारखं म्हणत होता. इथे राहणारा कुणीही असं म्हणत नाही. मी त्याला विचारलं, नेमकं काय आवडलं? तो म्हणाला, नदी. तिसरा मात्र अभ्यासू होता. त्याने पाण्याच्या वाहिनीचं वय विचारलं. हॉकडेने (टायरचं दुकान असलेला आमचा नगरसेवक, बोलण्याआधी विचार करत नाही) खरं वय सांगितलं. गृहस्थ हात धुऊन येतो म्हणून गेला, तो थेट मोटारीत बसून नेब्रास्काला.

चौथी तुमच्याच गावची मॅनेजर, मॅरिअन व्होथ. तिची मुलाखत सगळ्यांना आवडली. मी विचारलं, “आल्यावर पहिलं काम काय करशील?” आत्तापर्यंतच्या सगळ्यांनी ‘दूरदृष्टी’ आणि ‘संवाद’ असं काहीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, “पाणी बंद करायच्या चाव्या कुठे आहेत ते विचारीन. आणि ते ज्याला माहीत आहे तो निवृत्त कधी होतोय तेही.” मला हे उत्तर फार आवडलं, आणि म्हणूनच मी सावध झालो. मला नेमकं काय आवडेल हे तिला कुणी सांगितलं? दुसरं म्हणजे, इतकी चांगली बाई प्लम हॉलो सोडतेच का? ती म्हणाली, आई इथून जवळ राहते, थकली आहे. असेलही. पण कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत राहिलं.

म्हणून तर मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, “बाई चांगली आहे.” मी विचारलं, चांगली म्हणजे कशी? तुम्ही म्हणालात, “चांगली म्हणजे चांगली.” आता माणूस इतकं थोडक्यात बोलतो तेव्हा एक तर त्याला ती ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असते, नाहीतर त्याचा गुडघा दुखत असतो. दुसऱ्यांदा फोन केला, तिच्या अंगणातलं गवत कापलेलं असतं का ते विचारायला, तेव्हा तुम्ही उलट मलाच विचारलंत, “गवत?” तो सूर मला आवडला नाही. व्हर्ना म्हणते, “उद्या तुला देव भेटला तरी तू त्याच्याकडे मागच्या नोकरीचा दाखला मागशील.” मागीन. त्यात चूक काय?

इकडे मतांची गणितं अशी की नॅडीन आणि हॉकडेला व्होथबाई हवी. तेरेसा ओल्व्हेरा (बेकरीवाली) आणि म्हातारा पीट यांना मर्ललाच कायम करायचाय. पाचवा मी. दोन बैठकांत दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा मी ‘विचार करतो’ म्हणालो. व्होथबाईने स्वच्छ सांगितलं, येत्या सोमवारच्या बैठकीत हो की नाही ते कळवा, त्यापुढे मी माझ्या गावाला ताटकळत ठेवणार नाही. म्हणजे गावाला मॅनेजर मिळणार की मर्ल बुडणार, हे सगळं येऊन माझ्या एका मतावर अडलं. माझ्या गेल्या जन्मात मला इतकं महत्त्व मिळालं नसेल. दुकानात माणसं माझ्याशी हवामानावर बोलतात आणि मग हळूच विचारतात, “काय मग, सोमवारी?”

आता कायदा तुम्हाला माहीत आहे, पाचातले तीन नगरसेवक सूचना न देता एकत्र येऊन गावच्या कामावर बोलले की ती गुप्त बैठक. तुमच्याकडे काय करतात कोण जाणे, इथे तर आमचं जगणं मुश्कील झालंय. न्याहारीच्या हॉटेलात नॅडीन आणि पीट बसलेले दिसले की मी दारातूनच परत फिरतो आणि घरी येऊन कोरडा टोस्ट खातो. हॉकडेच्या सासूच्या अंत्यविधीला आम्ही पाचही जण चर्चच्या पाच कोपऱ्यांत उभे होतो. (चार कोपरे आणि एक ऑर्गनमागे. ऑर्गनमागे मी.) पण दोघांनी बोलायला बंदी नाही, आणि सगळी कारस्थानं या दोघांतच शिजतात असं माझं मत.

बुधवारी चर्चच्या तळघरात लेंटच्या उपासाचं सूप होतं. म्हणजे राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल, नेहमीसारखं. मी रोल घ्यायला वळलो तर नॅडीन हॉकडेच्या कोपराला हात लावून त्याला स्वयंपाकघराकडे घेऊन गेली. कोपराला! मी ताट ठेवलं आणि मागोमाग गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी कोट अडकवायची लांब दांडी आहे. मी कोटांच्या मागे शिरलो. आत थोडं उकडत होतं, आणि कुणाच्या तरी कोटाला कुत्र्याचा वास होता, पण ऐकू नीट येत होतं.

नॅडीन म्हणत होती, “ऑर्व्हिलचं काय करायचं?”

हॉकडे म्हणाला, “काही करायचं नाही. पाचांत अंदाजपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तो एकटा. त्याचा विश्वास बसत नसेल तर बाईला त्याच्या डोक्यावर आणून बसवण्यात अर्थ नाही. ती इथे सुखाने राहायची नाही.”

“मग सोडून द्यायचं?”

“त्याला विचारू. तो नाही म्हणाला तर सोडून देऊ. दोघं आहोत म्हणून रेटायचं नाही.”

साडूबुवा, खरं सांगतो, मला तिथल्या तिथे फार ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं हा हॉकडे मला टायर विकताना डोळ्याला डोळा भिडवत नाही म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून होतो, आणि तो माझ्यामागे माझ्याबद्दल असं बोलतो! (नंतर घरी आल्यावर असंही लक्षात आलं की कोटांच्या खालून माझे बूट दिसत असणार. त्यांनी बूट ओळखले असतील तर हे सगळं मला ऐकवायलाच म्हटलं असेल. पण तेव्हा हे सुचलं नाही, आणि त्या दोन मिनिटांचं समाधान मी परत करणार नाही.)

तेवढ्यात फे डिलिंगहॅम आपला कोट घ्यायला आली. तिने कोट काढला आणि मागे मी.

“ऑर्व्हिल, इथे काय करतोयस?”

“कोट शोधतोय.”

“तू कोट घातलायस.”

आवाज ऐकून नॅडीन आणि हॉकडे बाहेर आले. फेने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आणि मी तिच्या चेहऱ्यावर आनंद उमलताना पाहिला. तीन नगरसेवक एकत्र, विषय नगराचा, सूचना नाही. तेरेसा रोलचा ट्रे घेऊन येत होती, तिने आम्हाला बघितलं आणि ट्रेसकट उलटी फिरली. दोघांच्या कायदेशीर गप्पांची मी मागे उभा राहून बेकायदेशीर बैठक करून टाकली होती. मी फेला म्हणालो, मी एक शब्दही बोललेलो नाही. ती म्हणाली, “बैठकीतही तू एवढंच बोलतोस.”

कालच्या अंकात पहिल्या पानावर मथळा आहे, ‘तिघांची गुप्त भेट; एक कोटांत’. फोटो नाही, पण कुणीतरी कोटांचं चित्र काढलंय, आणि खाली बूट. वकिलाने कपाळावर हात मारला. त्याचा सल्ला असा की सोमवारी आम्ही तिघांनी जाहीर माफी मागायची आणि मॅनेजरचा विषय दोन आठवडे पुढे ढकलायचा, नाहीतर उद्या कुणी ती निवडच रद्द करून मागेल. मर्लला हे सांगितलं तेव्हा तो तलावाच्या काठावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. हॉकडेने मात्र मला बोल लावला नाही. उलट म्हणाला, “टायर तपासून घे, पुढचा डावा झिजलाय.” (झिजलाय खरा. मी दुसऱ्या गावी दाखवून आलो.)

असो. आर्डिथला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
ऑर्व्हिल क्लासेन

ता. क. एक छोटं काम होतं, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. व्होथबाई तुमच्या गल्लीच्या टोकाला राहते. स्वतः जा, फोन नको. तिला म्हणावं, दोन आठवडे थांब. ऑर्व्हिलचं मत तुला आहे. मुलाखतीच्या दिवसापासूनच होतं, मी फक्त खात्री करून घेत होतो. हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. इथे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, व्हर्नालाही नाही. उगाच सगळ्यांना कळलं की त्याला अर्थ राहत नाही.

आणखी ता. क. पाकिटावर स्टँप लावत होतो, तेवढ्यात व्हर्ना फोन ठेवून आली. आर्डिथचा होता. काल संध्याकाळी तुमच्या कौन्सिलने व्होथबाईचा पगार वाढवला, तिच्या आईसाठी आठवड्यातला एक दिवस मोकळा दिला, आणि तिने पाच वर्षांच्या करारावर सही केली. ठराव तुम्ही मांडलात म्हणे. कारण तुम्ही असं दिलंत की तुमचा एक साडू आहे, तो कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही, आणि तो जर एका बाईसाठी दोन-दोनदा फोन करून तिच्या अंगणातल्या गवताची चौकशी करत असेल, तर तशी बाई पुन्हा मिळायची नाही.

व्हर्ना विचारत होती, “मग तुझं मत काय होतं?” मी म्हणालो, विचार करत होतो.

साडूबुवा, तरीही पत्र पाठवतो. वरचा पहिला ता. क. तेवढा त्या बाईला नेऊन दाखवा. इथे तिला तीन मतं होती, हे तिला कळायला हवं. बाकीचं पत्र दाखवू नका.