सात नंबरचं जाळं

३ डिसेंबर
पोहोचले एकदाची. मच्छीमारांच्या संस्थेने बंदरावरच खोली दिलीय, खिडकीतून नोरीची, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळाची, सगळी जाळी दिसतात. काम सोपं. बाटलीत समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यातलं नत्र मोजायचं, नोरीचा तुकडा सोडायचा, चार तासांनी पुन्हा मोजायचं. जेवढं घटलं तेवढं नोरीने खाल्लं. संस्थेचे प्रमुख किशिगामी स्वतः भात-मासळी घेऊन आले. म्हणाले, "आधीचा पोरगा फार शहाणा होता बाई. तुम्ही तशा दिसत नाही." मी हसले आणि दोनदा भात घेतला. तो पोरगा, तात्सुरो, माझा धाकटा भाऊ. नवऱ्याचं आडनाव कामाला आलं.

८ डिसेंबर
खाडीतलं नत्र संपत आलंय, जाळी पिवळी पडताहेत. तात्सुरो हेच सांगत होता: निम्मी जाळी काढा, आधी किशिगामींची. मग शरदात, तळ्यांचा गाळ खत म्हणून समुद्राला सोडायच्या दिवशी, तो नमुना घ्यायला तळ्याच्या मोरीत उतरला आणि संस्थेच्या लोकांनी दार उचललं. काठावर किशिगामींसकट अकरा जण होते. सगळे म्हणतात, पाय घसरला. तो गाळ, तात्सुरोसकट, किशिगामींच्या सात नंबरच्या जाळ्यावर बसला. ते एकटंच काळंभोर आहे.

१३ डिसेंबर
सात नंबरच्या बाटलीत नत्र घटत नाही, तरी तुकडा वाढतोय. बोट घालून पाहिलं. चटका बसला, नख पांढरं पडलं आणि तुकडा दुप्पट झाला. खरं तर हे जाळं काढायला सांगणं माझं काम. अहवालात लिहिलं: प्रत उत्तम, यंत्राने पात फाटते, सर्वांनी उघड्या हाताने खुडावी.

१९ डिसेंबर
अकराही जण खुडताहेत. किशिगामींचे केस पांढरे झाले, हिरड्यासुद्धा. म्हणाले, "थंडी बाधली वाटतं." मी म्हटलं, काका, अजून दोन खुडण्या काढा. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

२४ डिसेंबर
किशिगामी गेले. पाठोपाठ सहा. वाढ, तात्सुरो, वाढ.

२७ डिसेंबर
अकराही संपले. बाटली फोडली, पण नोरी नळातून येतेय — मी तर एकदाच बोट —

२८ डिसेंबर
त्याला सांगितलं, अरे, मी तुझी ताई. त्याने बोट आणखी घट्ट धरलं.

तारीख —
मोरीत उतरायच्या आदल्या दिवशी फोन आला होता त्याचा. ताई, ही माणसं मला सोडणार नाहीत, येऊन घेऊन जा. मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत कळ काढ.
मनगटापर्यंत आलंय. दुखतंय रे. सोड. आले ना मी तुला न्यायला, बघ, मी आ—